काठावरचा माणूस

आमचा एक भाचा नोकरीच्या रजेत पाठीवर पिशवी टाकून लाओस देशी जाण्याच्या तयारीत आहे. निरोप घेण्यास तो पिरनवाडीस आला, तेव्हा तेथील एका नदीत रबरी ट्यूबवर बसून दिवसभर वाहत जाण्याचा आपला बेत त्याने मोठ्या उत्साहाने सांगितला. आमच्या कपाळावरील आठ्या पाहून तो म्हणाला, “मामा, जीव माझा, पैसा माझा. त्यात कोणाचे काय जाते?”

प्रश्नात उर्मटपणा नव्हता. शिवाय वकिलास तो परिचितच वाटावा असा होता. जो जाणूनबुजून धोका पत्करतो त्याने झालेल्या हानीबद्दल दुसऱ्याकडे बोट दाखवू नये, हे तत्त्व आम्ही कायद्याच्या पहिल्याच वर्षी पाठ केले होते.

त्या नदीचे नाव नाम सोंग आणि गावाचे वांग व्हियेंग. ट्रॅक्टरच्या चाकातील ट्यूबवर बसून प्रवाहाबरोबर जाण्याची ही मौज मुळात निरुपद्रवी होती. पुढे दोन्ही तीरांवर मद्यगृहे उभी राहिली, पाण्यावर झोपाळे टांगले गेले, आणि जेथे शुद्धीवर राहणे सर्वांत अवश्य तेथेच शुद्ध हरपण्याची सोय झाली. 2011 या एका वर्षात किमान 27 प्रवासी दगावल्याचे तेथील लहानशा रुग्णालयाच्या हवाल्याने वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. 2012 साली सरकारने ती मद्यगृहे हटविली. तथापि नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच गावी विषारी दारूने सहा परदेशी प्रवाशांचा बळी घेतला.

हा पाश्चात्त्यांचा स्वैराचार, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण श्रावणातील एखाद्या रविवारी आमच्या पिरनवाडीच्या नाक्यावर उभे राहावे आणि खानापूरचा रस्ता सोडून जांबोटीकडे वळणाऱ्या गाड्या मोजाव्या. त्यांतील कित्येकांत देवदर्शनाचे ताट आणि बाटली ही दोन्ही असतात! आणि पाणी काही मद्यप्यांवरच रुसते असेही नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये चंदगड तालुक्यातील किटवाडच्या धबधब्यावर सहलीस गेलेल्या बेळगावच्या चार निरपराध मुली बुडाल्या.

साहसाला आमचा विरोध नाही. वाळपईच्या बाजूस पावसाळ्यात म्हादईच्या खळाळत्या पाण्यातून राफ्टिंग करतात. अंगात तरंगते जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण, आणि नावाड्याच्या हुकमाकडे कान. तेथे माणूस क्षणभरही नदीस विसरत नाही. आमचा आक्षेप विसरण्याला आहे. आणि नदीपेक्षाही अधिक, काठावरच्या माणसाला विसरण्याला.

1981 साली इंग्लंडात एका खटल्याचा निकाल लागला. चालत्या गाडीत चढू पाहणाऱ्या एका रेल्वे कर्मचाऱ्यास वाचविण्यास गेलेला गार्ड जखमी झाला. जो स्वतःच्या निष्काळजीपणाने स्वतःस संकटात घालतो, तो आपल्याला वाचविण्यास धावणाऱ्याचेही देणे लागतो, असे न्यायालयाने ठरविले. भाच्याच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर येथे मिळते. पण आम्हांस ते उत्तर ह्या निकालपत्रापूर्वीच, अगदी निराळ्या ठिकाणी मिळाले होते.

आम्ही विद्यार्थी असता पाचजण मलप्रभेच्या काठी हब्बनहट्टीस गेलो. स्वयंभू मारुतीचे दर्शन घेतले आणि देवाच्या दृष्टीस पडू नये म्हणून नदीच्या वळणापलीकडे, वरच्या अंगास, बाटल्या उघडल्या. तेच पाणी पुढे मारुतीपाशी जाते हे कोणाच्याही ध्यानी आले नाही. रिकाम्या बाटल्या खडकावर फोडण्याची पैज लागली. मग आमच्यातील एकाने डोहात उडी घेतली, आणि तो वर येईना. आम्ही चौघे काठावर नुसते ओरडत राहिलो. पलीकडे म्हशी धूत असलेला एक गृहस्थ धोतरासकट पाण्यात शिरला आणि त्याने आमच्या मित्रास केसांना धरून बाहेर ओढले. तो वर आला तेव्हा त्याच्या तळपायातून रक्त वाहत होते. कपारीचा दगड लागला असेल, असे आम्ही एकमेकांस सांगितले. ज्या खडकावरून तो आला होता त्यावर काय पसरले होते, ते आम्हां सर्वांस ठाऊक होते. त्याने धोतराचा सोगा फाडून पाय बांधला, “सांभाळून जावा,” एवढे म्हटले, आणि म्हशी वळवल्या.

ही हकीकत आम्ही कोणास सांगितली नव्हती, घरातही नाही. भाच्यास मात्र सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “मामा, त्यांचं नाव काय?”

आम्ही ते विचारलेच नव्हते. पुढे हब्बनहट्टीस अनेकदा गेलो. काठावर म्हशी धुणारी माणसे दिसत. पण विचारावे तरी कोणाचे नाव घेऊन?