नदीच्या शेवटाकडील शेजारी

मननासाठी शास्त्रभाग : यहेज्केल ३४ : १७–१९ आणि ४७ : १–१२



यहेज्केल संदेष्टा आपल्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात प्रथम मेंढपाळांना दोष देतो आणि मग मेंढरांकडे वळतो. हे दुसरे पुष्कळ वाचकांच्या ध्यानात येत नाही. राजे, अधिकारी व पुढारी ह्यांचा न्याय होणार हे ऐकावयास आपणांस गोड लागते; परंतु प्रभू कळपाचाही न्याय करणार, मेंढरामेंढरांमध्ये निवाडा करणार, असे तेथे सांगितले आहे. पुष्ट मेंढरे चांगल्या कुरणात चरली ह्याबद्दल त्यांस बोल लाविलेला नाही. त्यांनी निर्मळ पाणी प्याले ह्याबद्दलही नाही. त्यांचा दोष हा की, आपली तहान भागल्यावर उरलेले पाणी त्यांनी पायांनी ढवळून गढूळ केले, आणि मागून आलेल्या दुबळ्या मेंढरांना तेच प्यावे लागले.

हा शास्त्रभाग समोर ठेवून आज आम्ही कृष्णा नदीविषयी आपणांशी बोलणार आहो. आपल्यापैकी कित्येकांची शेते हिच्या किंवा हिच्या उपनद्यांच्या पाण्यावर पिकतात. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून ती वाई, कऱ्हाड व सांगलीवरून वाहते. कोयना, वारणा, पंचगंगा तिला येऊन मिळतात. पुढे भीमा मिळते. कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश ह्यांतून सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून ती हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. आपण तिला आपली नदी म्हणतो. परंतु जिला आपण आरंभी पाहतो तिच्या शेवटी कोण राहतात, ह्याचा विचार आपल्या मनास क्वचितच शिवतो.

शेवटी जेथे नदीचा वेग मंदावतो, तेथे ती आणलेला गाळ खाली ठेविते आणि अनेक फाट्यांनी समुद्रात शिरते. अशा भूमीस त्रिभुज प्रदेश म्हणतात. ती भूमी नदीनेच घडविलेली आहे. आपल्या डोंगरांतील माती युगानुयुगे वाहून जाऊन ती झाली. तेथे भाताची विस्तीर्ण शेते आहेत. समुद्राच्या कडेस तिवरांची दाट राने आहेत. त्यांच्या मुळ्यांच्या जाळ्यात मासळी, कोळंबी व खेकडे ह्यांची पिले वाढतात, आणि मासे धरून खाणारे एक रानमांजर तेथे आश्रयास राहते. १९८९ साली सरकारने त्या रानाचा काही भाग अभयारण्य म्हणून राखून ठेविला. गोड्या व खाऱ्या पाण्याचा जेथे मेळ बसतो तेथेच हे सर्व जगते. वरून येणारे गोडे पाणी कमी झाले की समुद्र आत सरकतो. खाड्या अधिक खाऱ्या होतात, विहिरी मचूळ होतात, आणि नवा गाळ न मिळाल्याने किनारा ढासळू लागतो.

आता, शेतीस पाणी घेणे हे पाप आहे असे आम्ही म्हणतो काय? मुळीच नाही. दुष्काळ म्हणजे काय हे ज्यांच्या घराण्यांना ठाऊक आहे त्यांच्यापुढे असे बोलण्याचे धाडस कोण करील? ह्याच कृष्णेच्या मुखाजवळील गुंटूर मुलखात १८३२–३३ साली भयंकर दुष्काळ पडला व अगणित माणसे अन्नावाचून मेली. पुढे सर आर्थर कॉटन ह्या देवभीरू ख्रिस्ती अभियंत्याने गोदावरीवर धवळेश्वरम येथे बंधारा बांधिला. तो १८५२ साली पुरा झाला. त्याच्याच आग्रहाने कृष्णेवर विजयवाड्यास बंधारा झाला व तो १८५५ साली संपला. त्या पाटांनी भुकेचा मुलूख भाताचे कोठार केला. आजही त्या भागातील शेतकरी कॉटनसाहेबाचे नाव कृतज्ञतेने घेतात. भुकेल्यास अन्न देणारा पाट हे देवाच्या दयेचे साधन होय, ह्यात आम्हांस शंका नाही.

परंतु त्यानंतर नदीवर एकामागून एक धरणे झाली. विजयवाड्याच्या जुन्या बंधाऱ्याच्या जागी १९५७ साली प्रकाशम बंधारा आला. १९६७ साली नागार्जुनसागराचे पाणी पाटांत सुटले. आपल्याकडे कोयनेचे धरण झाले, आणि तिचे पुष्कळ पाणी विजेसाठी सह्याद्रीपलीकडे पश्चिमेस सोडले जाते, ते कृष्णेस परत येत नाही. भीमेवर उजनी झाले. १९७३ साली बचावत लवादाने कृष्णेचे २,०६० अब्ज घनफूट पाणी वाटून दिले : महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व त्या वेळच्या आंध्र प्रदेशास ८००. बंधुजनहो, ही बेरीज करून पाहा. तिघांची बेरीज बरोबर २,०६० होते. वाटणीत शिल्लक काही उरत नाही. समुद्राकडे जाणाऱ्या प्रवाहासाठी, तिवरांसाठी, मासळीसाठी वेगळा वाटा त्या वेळी कोणी मागितला नाही व कोणी ठेविला नाही. २०१० साली दुसऱ्या लवादाने किमान प्रवाहासाठी अल्पसा वाटा राखण्याचा विचार केला, तोवर एक पिढी उलटून गेली होती.

ह्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९०१ ते १९६० ह्या काळात कृष्णा सरासरीने दरवर्षी सुमारे २,००० अब्ज घनफूट पाणी समुद्रास देत असे. १९९० नंतरच्या दशकात ते ४०० अब्ज घनफुटांच्या आत आले. आणि २००१ ते २००४ ह्या अवर्षणाच्या वर्षांत तर समुद्रापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचले नाही. ज्या त्रिभुज प्रदेशास कॉटनच्या पाटांनी जगविले, त्याच प्रदेशातील शेतकऱ्यांस त्या वर्षांत पाण्याची वाट पाहावी लागली. शेवटी २०१५ पासून पट्टिसीम येथून गोदावरीचे पाणी उपसून त्यांच्या पाटांत आणावे लागले. एका नदीची उणीव दुसरीकडून उसनी आणून भरावी, अशी ही स्थिती आहे.

येथे कोणी म्हणेल, "समुद्रास गेलेले पाणी वाया गेले, ते अडविणे हेच शहाणपण." हे वाक्य आपल्या गावोगावच्या चावडीवर ऐकू येते. त्याचे उत्तर यहेज्केलाचा सत्तेचाळिसावा अध्याय देतो. संदेष्ट्याने पाहिले की मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघाले. ते घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत झाले, आणि शेवटी पोहून जावे असा महानद झाला. तो कोठे गेला? तो समुद्रास गेला. आणि तेथे पोहोचून त्याने समुद्राचे पाणी निरोगी केले, विपुल मासे झाले, आणि एन-गेदीपासून एन-एग्लाइमापर्यंत धीवर जाळी पसरून उभे राहिले. जेथे ते पाणी गेले नाही, त्या दलदली खारटच राहिल्या. देवाच्या दृष्टीने नदीचा शेवट हा वाया गेलेला भाग नव्हे. तिचे आरोग्यदान तेथेच पूर्ण होते.

दुसरा कोणी म्हणेल, "महापुराच्या वर्षी एवढे पाणी जाते, ते पुरे नाही काय?" २०१९ साली सांगलीने महापूर पाहिला, हे खरे. परंतु पोटाला रोज अन्न लागते. वर्षातून एक मेजवानी देऊन भागत नाही. शिवाय जो गाळ पूर्वी पुराबरोबर खाली जाई, तो आता बराचसा धरणांच्या तळाशी बसतो. आणि तिवरे ही समुद्राच्या लाटांपुढची भिंत आहे. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी ह्याच कृष्णामुखाजवळील दिवी भागावर वादळ व समुद्राची लाट आली आणि सुमारे १०,००० माणसे बुडाली. १९९९ साली ओरिसाच्या महावादळात केंद्रपाडा जिल्ह्यातील ज्या गावांपुढे तिवरांची रुंद राने उभी होती, तेथे मृत्यू कमी झाले असे पुढे अभ्यासकांस आढळले. तेव्हा नदीच्या शेवटी पाणी पोहोचणे हा माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

तिसरा म्हणेल, "त्या प्रदेशातील शेतकरीही भातास पाणी बेसुमार लावितात, आणि कोळंबीच्या तळ्यांसाठी तिवरे तोडतात." तेही खरे आहे. त्यांचा न्याय प्रभू करील, व त्यांचे उपदेशक त्यांस सांगोत. आम्ही आमच्या वाचकांशी बोलत आहो. आणि आपले शेत नदीच्या वरच्या अंगास आहे.

आता आपल्याच बांधावर या. वाळवे, शिरोळ ह्या तालुक्यांत जाऊन पाहा. उसास वर्षानुवर्षे पाट भरून पाणी दिल्याने जमिनीतील क्षार वर आले, पांढरा थर बसला, आणि सोन्यासारखी जमीन क्षारपड झाली. बंधुजनहो, केवढी ही शिकवण! नदीच्या खालच्या टोकास पाणी न मिळाल्यामुळे शेतात मीठ आले; वरच्या टोकास पाणी अति झाल्यामुळे शेतात मीठ आले. जे पाणी शेजाऱ्याचे होते ते आपण आपल्या शेतात कोंडले, तर ते आपल्यालाही लाभले नाही. अरण्यात इस्राएलाने उद्यासाठी साठविलेला मान्ना सडला, तसेच हे झाले.

आणि जे पाणी आपण खाली सोडतो ते तरी कसे? पंचगंगेत मळी व सांडपाणी मिसळून मासे मेल्याची वार्ता पुन्हा पुन्हा ऐकू येते. पायांनी ढवळलेले पाणी म्हणून संदेष्टा जे बोलला, ते ह्याहून निराळे नाही.

आम्हांस विशेष वाईट वाटते ते असे. त्या शेवटच्या मुलखात आपले बांधव राहतात. मछलीपट्टण येथे १८४१ साली आणि गुंटूर येथे १८४२ साली सुवार्तेचे काम सुरू झाले. त्या भागातील असंख्य दीनदुबळे लोक प्रभूकडे आले, आणि आज तेथे मोठमोठ्या तेलुगू मंडळ्या आहेत. त्यांच्यात भातशेतीवर राबणारे मजूर आहेत, मासेमारही आहेत. एकच भाकर मोडून आपण व ते एका शरीराचे अवयव झालो. कऱ्हाडच्या काठी बाप्तिस्मा घेणारा आणि दिवीच्या काठी बाप्तिस्मा घेणारा, दोघांच्या मस्तकी तीच नदी पडते. मग शरीराचा एक अवयव दुसऱ्यास, "तुझी मला गरज नाही," असे कसे म्हणेल?

तर मग आपण काय करावे? मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्यास आज्ञा आहे की, पीक कापताना शेताचा कोपरा कापू नये व सरवा वेचू नये. तो गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा. शेतकऱ्याने उपाशी राहावे असे त्यात नाही. शेत त्याचेच, पीक त्याचेच; फक्त कडेचा भाग देवाने आधीच दुसऱ्याच्या नावे लिहून ठेविला आहे. नदीसही असाच एक कोपरा आहे, आणि तो समुद्राकडील कोपरा होय. तो राखण्याचे काम राज्यांनी व लवादांनी करावे हे खरे; तथापि आपल्या हाती जे आहे ते आपण आज करू शकतो.

पहिले, गरज व हाव ह्यांत भेद करावा. उसास ठिबकाने पाणी द्यावे. पाचट न जाळता सरीत पसरावे, म्हणजे ओल टिकते. पाळी नसता रात्री चोरून दार फोडू नये. दुसरे, शेपटाकडील शेतकऱ्याचा विचार आधी करावा. चारीच्या तोंडाशी ज्याची जमीन आहे त्याने शेवटच्या शेतास पाणी पोहोचले किंवा नाही ते पाहावे. जो आपल्याच चारीच्या शेवटी असलेल्या शेजाऱ्यास विसरतो, तो १,४०० किलोमीटरांवरील शेजाऱ्यास काय आठवणार? तिसरे, पाणी हे जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या मापाने वाटता येते, हे ध्यानात घ्यावे. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे कुटुंबातील माणसांच्या संख्येवर पाणी ठरले, भूमिहीनासही वाटा मिळाला, आणि त्या पाण्यावर ऊस लावावयाचा नाही असा नेम झाला. हे कृष्णेच्याच खोऱ्यात घडले. आपल्या मंडळीच्या पंचांस हे अशक्य का वाटावे?

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, येत्या हंगामाच्या सणाच्या उपासनेत पहिल्या उपजाबरोबर पाण्याबद्दलही उपकारस्तुती करावी, आणि त्या दिवशी नदीच्या शेवटाकडील मंडळ्यांची नाव घेऊन आठवण करावी. ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करितो, त्याचे पाणी ढवळावयास आपला पाय सहजासहजी उचलत नाही.

हे प्रभो, डोंगरांत झरे फोडणाऱ्या देवा, आमच्या शेतास पुरेसे पाणी दे, आणि पुरेसे म्हणजे किती हे ओळखण्याची बुद्धी दे. आमच्या काठावरून जे पाणी पुढे जाईल ते निर्मळ जावो. नदीच्या शेवटी वसलेल्या आमच्या भावांची भाते, जाळी व घरे राख. आणि न्यायाच्या दिवशी आम्ही पाणी गढूळ करणाऱ्या मेंढरांत न सापडो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.