वर्षावास आणि शेजाऱ्याचे घर



आषाढी पौर्णिमेला वर्षावास बसतो आणि अश्विनी पौर्णिमेला उठतो. पावसात भिक्षूंच्या पायाखाली कोवळी पिके आणि बारीक जीव तुडविले जाऊ नयेत, म्हणून तथागतांनी हा नियम घातला. पण एका जागी राहायचे तर छप्पर हवे. ज्याला निवारा नाही अशा भिक्षूने वर्षावास धरू नये, असेही विनयात सांगितले आहे. तो निवारा पुरविण्याचे काम उपासकांचे.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. गोंदिया जिल्ह्यात पाऊस मनापासून पडतो, म्हणून तर आपण धानाचे लोक. याच पावसात मातीची भिंत भिजते, कवेलू सरकतात आणि रोवणीहून परतलेली माय रात्रभर गळतीखाली गंज-गुंड मांडत बसते. त्या वेळी हातात पैसा नसतो. तेंदूपानाची मजुरी जूनमध्येच बियाण्यात आणि पोरांच्या वह्यांत गेलेली असते. विड्या वळून मिळते ते तेल-मिठाला पुरत नाही. अशा वेळी शहरात कामाला जाऊन खोली घ्यावी म्हटले, तर मालक पहिल्यांदा आडनाव विचारतो, आणि मग अनामत. आडनावाचे उत्तर आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिले. अनामतीचे उत्तर अजून द्यावयाचे आहे.

वीज घेतानाही तेच. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. त्याच तालुक्यात अनामत भरता आली नाही म्हणून चिमणीवर अभ्यास करणारे मूल असावे, याचा विचार तुम्हीच करा. महावितरणने २०२१ साली बाबासाहेबांच्या नावाने जीवनप्रकाश योजना काढली. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांसाठी ५०० रुपये अनामत, तीही ५ हप्त्यांत. योजना चांगली होती, पण ती मुदतीची होती. मुदत टळल्यावर ज्याचे घर बांधून झाले, त्याने काय करावे? रमाई आवास योजनेतल्या घरकुलाचेही पाहा. पैसा कामाच्या टप्प्याप्रमाणे येतो. जुने घर पाडलेले, नवे जोत्यापर्यंत आलेले, पुढचा हप्ता कागदात अडकलेला. त्या दोन-तीन महिन्यांत कुटुंब सावकाराच्या दारी जाते आणि पक्क्या भिंतींसोबत पक्के कर्जही घरात आणते.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत एक अनणसुख, म्हणजे कुणाचे देणे नसण्याचे सुख. ज्या उपासकाला हे सांगितले तो स्वतः श्रावस्तीचा मोठा श्रेष्ठी होता. त्याचे खरे नाव सुदत्त. निराधारांना घास देतो म्हणून लोकांनी त्याला अनाथपिंडिक म्हटले. जेतवनाची जमीन नाण्यांनी झाकून त्याने संघाला निवारा दिला, हे आपण विहारात अनेकदा ऐकतो. आपल्याजवळ नाणी अंथरायला नाहीत. पण एका घराची अनामत ही काही जेतवनाची किंमत नव्हे.

आणि अनामतीचा एक गुण ध्यानात घ्या. हा पैसा खर्च होत नाही, तो अडकून राहतो. विजेची सुरक्षा ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते, तिच्यावर व्याज मिळते, आणि थकबाकी नसेल तर जोडणी बंद केल्यावर ती परत मिळते. खोलीची अनामतही खोली सोडताना परत यावी, म्हणून पावती लिहून घ्यावी. म्हणजे विहाराच्या निधीतून एका घराला दिलेली रक्कम पुढे दुसऱ्या घराला उपयोगी पडू शकते. घेणाऱ्याची मान खाली जाण्याचे कारण नाही. त्याने भीक घेतली नाही, आपली पाळी घेतली.

म्हणून देताना लाऊडस्पीकरवरून नाव घेऊ नका, फोटो काढू नका. वही मात्र चोख ठेवा. तीत एका उपासिकेची सही असावीच. कोणाच्या घरी चूल कधी विझते हे बायांना आधी कळते, समितीच्या अध्यक्षाला शेवटी.

एक प्रश्न दरवेळी निघतो. ज्यांच्या घरात अजून देव्हारा आहे, त्यांना का द्यावे? तुमच्यापैकी काहींनी परवाच देव्हारा उतरविला आहे, म्हणून तुमचा आवाज जास्त चढतो. तो राग मला समजतो. पण उपाली गृहपती निगंठांचा अनुयायी होता. तो बुद्धांचा उपासक झाला, तेव्हा तथागतांनी त्याला बजावले की, ज्या निगंठांना तुझ्या घरून आजवर भिक्षा मिळत आली, त्यांना ती पुढेही द्यावी. अट घालून दिलेल्या पैशाने देव्हारा उतरेल, मन उतरणार नाही. ज्याचे छप्पर गळते त्याला आधी छप्पर द्या.

पैसा कोठून आणायचा, असे विचाराल. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा, असे सांगितले. शंभरातले पाच. जयंतीला आपण कमानी आणि वाजंत्रीसाठी घरोघर वर्गणी काढतो आणि कोणी नाही म्हणत नाही. मिरवणूक काढू नका असे मी म्हणत नाही, मीही तीत चालतो. पण मिरवणूक ज्या गल्लीतून जाते तिथे अंधारे घर किती, हे मोजायला हरकत नाही.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर लगेच उठू नका. नोकरीवाल्यांनी विसावा हिस्सा आणावा, मजुरांनी एका दिवसाची मजुरी, ज्यांना तेही जमत नाही त्यांनी मूठभर तांदूळ. तांदूळ विकून रक्कम वहीत चढवा. मग वस्तीतल्या दोन बाया आणि एक शिकलेला मुलगा यांना घरोघर पाठवा. कोणाचा विजेचा अर्ज अनामतीपायी अडला आहे, कोणाचे घरकुल जोत्यावर थांबले आहे, ते लिहून आणू द्या. पहिले नाव कोणाचे घ्यायचे हे तिथेच, सर्वांसमक्ष ठरवा, आणि रक्कम मात्र दुसऱ्या दिवशी त्या घरी गुपचूप पोचवा.

जयभीम! नमो बुद्धाय!