मृत्युपत्र आणि बदलते घर

मृत्युपत्र एकदा लिहून पेटीत ठेवले म्हणजे गृहस्थाचे कर्तव्य संपले काय? पुष्कळ सुज्ञ लोकांची समजूत तशी आहे. माणसाचा शब्द एकच असावा, लिहिलेले फिरविणे हे चंचल मनाचे लक्षण होय, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच आहे.

हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला असता यशया संदेष्ट्याने त्यास आपल्या घराची व्यवस्था लावण्यास सांगितले. राजाने प्रार्थना केली व देवाने त्यास आणखी १५ वर्षे आयुष्य दिले. त्याच्या मागून मनश्शे गादीवर बसला, तेव्हा त्याचे वय १२ वर्षांचे होते. म्हणजे राजाच्या आजारात हा पुत्र जन्मलाही नव्हता. त्या दिवशी केलेली व्यवस्था कितीही विचारपूर्वक असती, तरी तीत मनश्शेचे नाव आले नसते. व्यवस्था चुकीची नव्हती, घर बदलले.

आपला कायदाही हेच शिकवितो. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करणाराने पुढे लग्न केले, तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होते. हिंदु शेजाऱ्यास हा नियम लागू नाही. म्हणून केवळ त्याच्या अनुभवावर विसंबू नये. समजा, एका विधुराने घर पहिल्या पत्नीच्या मुलांस लिहून दिले व मग पुनर्विवाह केला. नवे मृत्युपत्र न करता तो वारला, तर मिळकतीचा एक तृतीयांश विधवेस व दोन तृतीयांश सर्व मुलांस सारखे जाते. मुलांस दिलेले वचन कोणी मोडले नाही, तरी ते मोडले गेले.

याच्या उलट, मूल जन्मल्याने मृत्युपत्र रद्द होत नाही. मोठ्या मुलांची नावे घालून सर्व मिळकत वाटलेली असेल, तर धाकटे रिकाम्या हातांनी राहते. लिहून ठेवलेले शेत विकले गेले, तर ज्याला ते द्यावयाचे त्याच्यासाठी कागदावर नुसती ओळ उरते. तेव्हा जो बदल करीत नाही तोही एक निर्णय करीतच असतो. मात्र तो डोळे मिटून करतो.

परंतु बदलण्याचा अधिकार हा चाबूकही होऊ शकतो. मुलाने उलट उत्तर दिले की त्याचे नाव काढावयाचे, सुनेने सेवा केली की तिचे घालावयाचे, हा कारभार घरात भय आणि ढोंग पेरतो. मग योग्य बदल कोणता व अयोग्य कोणता? माझ्या मते कसोटी ही: घरात कोण आले, कोण गेले, कोण असहाय झाले, या कारणाने केलेला बदल सर्व कुटुंबापुढे मोठ्याने सांगता येतो. माझा मान कोणी राखला नाही, या कारणाने केलेला बदल लपवावा लागतो. आपण एकनिष्ठ राहावयाचे ते माणसांशी, कागदाशी नव्हे.

म्हणून, वाचकहो, वर्षातून एकदा, तसेच घरात लग्न, जन्म, मृत्यु किंवा जमिनीची विक्री झाली म्हणजे आपले मृत्युपत्र काढून वाचावे. जुन्या ओळीवर नुसती खाडाखोड करू नये. सही व दोन साक्षीदारांवाचून तिला काही किंमत नाही. नवे मृत्युपत्र करून त्यात जुने रद्द केल्याचे स्पष्ट लिहावे. ज्याला काही द्यावयाचे त्यास अथवा त्याच्या पत्नीस किंवा पतीस साक्षीदार करू नये, कारण मग ते देणे निष्फळ होते. हे काम एका संध्याकाळचे आहे. ते न केल्यास, जे भाऊ आज एका ताटात जेवतात त्यांस उद्या कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतील.