कागदाशी जुळणारी गाडी

छत्रपती संभाजीनगर
रविवार, सकाळ

चि. भाचेराव,


परवा रात्री ताईचा फोन आला. "आरटीओची नोटीस आलीय, पोरगं जेवलं नाही," म्हणाली. मग तू मला नोटिशीचा फोटो पाठवलास, तोही पहिल्याच पानाचा. दोषांची यादी दुसऱ्या पानावर असते, ते पान तू स्वतः तरी वाचलंस का? खाली एवढंच लिहिलंस, "मामा, तिथे कोणी ओळखीचं आहे का?"

आहे. पण मी त्याला फोन करणार नाही. का, ते फोनवर सांगितलं तर तू "हो मामा, हो मामा" म्हणून ठेवून देशील. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट मान्य करतो. गाडीचं वेड हा तुझा दोष नाही, या गावच्या पाण्याचा गुण आहे. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि अर्ध्या मराठवाड्यातली पोरं पाना-स्क्रू हातात धरायला शिकली. 2001 पासून स्कोडा आपल्याकडे जुळू लागली. 2010 च्या ऑक्टोबरात गावातल्या मंडळींनी मिळून एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभरचे पेपरवाले तेव्हाचं औरंगाबाद कुठे आहे ते शोधत आले होते. तेव्हा जुनी जीप घेऊन तिला तू बॉडी बिल्डर करून ठेवलंस, याचं मला नवल वाटलं नाही. मागच्या दिवाळीत तूच मला तिच्यातून जालना रोडला फिरवून आणलंस. घाटी रुग्णालयाकडे वळताना मी म्हणालो होतो, "अरे, ॲक्सिलरेटर सोड, आत पेशंट आहेत." तू हसलास. ते सायलेन्सर आता यादीत पहिल्या नंबरावर असणार, पैज लाव.

आता कामाचं. नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 53 असं सांगतं की गाडी रस्त्यावर धोक्याची आहे किंवा नियमांत बसत नाही असं नोंदणी अधिकाऱ्याला वाटलं, तर तो नोंदणी निलंबित करू शकतो. पण त्याआधी मालकाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तुझ्या हातातली नोटीस म्हणजेच ती संधी. ती फ्रिजवर मॅग्नेटखाली अडकवून ठेवलीस तर मात्र निलंबनाचा आदेश निघेल. आणि निलंबन सलग सहा महिने तसंच राहिलं, तर पुढच्या कलमाने नोंदणी रद्दही होऊ शकते. मग जीप अंगणात उभी करायची आणि तिच्यावर पापड वाळवायचे.

दुसरा गैरसमज. आरटीओच्या वायुवेग पथकाने त्या दिवशी जे चलान फाडलं ते तू ऑनलाइन भरलंस, म्हणून "मिटलं ना" असं तुला वाटतंय. चलान झाल्या चुकीचं असतं; नोटीस आहे त्या दोषाची आहे. दंड भरल्याने जीपच्या तोंडावरचा बुलबार गळून पडत नाही.

तिसरं तू ताईला सांगितलंस तेच, "मी घेतली तेव्हाच अशी होती." असेलही. पण कलम 52 मालकाशी बोलतं, आणि आज आरसीवर नाव तुझं आहे. ते कलम सांगतं ते सोप्या मराठीत एवढंच: कंपनीने जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, तिच्याशी न जुळणारी गाडी करायची नाही. केरळातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 9 जानेवारी 2019 रोजी हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द दोनदा वाच आणि मग जीपभोवती एक चक्कर मार.

इथे मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगू दे. वाळूजला क्वालिटीत मी एकतीस वर्षं काढली, हे तुला माहीत आहे. मी तिथे नेमकं काय करायचो, हे तू कधी विचारलं नाहीस. माझ्या टेबलावर एक गो-नो-गो गेज असायचं. एका टोकाने भोकात शिरलं पाहिजे, दुसऱ्या टोकाने शिरता कामा नये. बस, एवढंच. एकदा सुपरवायझर घाईत होता, ट्रक गेटवर उभा होता, आणि एका लॉटची भोकं केसभर मोठी निघाली. नो-गो टोक आत जात होतं. तो म्हणाला, "केसभरच आहे, सोड." मी सोडलं. कागदावर मात्र "ओके" लिहिलं. आठ दिवसांनी पुढच्या लाइनवर ते बोल्ट ढिले पडू लागले आणि कोणालाच कळेना का, कारण कागद म्हणत होता माल चांगला आहे. दोन शिफ्ट शोधाशोध झाली. माल बाद झाल्याबद्दल मला कोणी काही बोललं नाही. साहेब एवढंच म्हणाले, "मोठी भोकं चालवून घेतली असती रे, बोल्ट बदलला असता. पण तू तसं लिहायचं होतंस." कारखान्यात त्याला डेव्हिएशन म्हणतात. माप चुकलं तर सांगायचं, कारण लिहायचं, वरच्याची सही घ्यायची. वस्तू एक आणि कागद दुसरंच, हे मात्र चालत नाही.

आरसीचंही तसंच आहे. तुझी गाडी रस्त्यावर यायच्या आधी तिच्या मॉडेलची तपासणी झालेली असते. पुण्याची एआरएआय ही त्यासाठीचीच संस्था आहे. वजन किती, ब्रेक किती, दिवा कुठे, आवाज किती, हे सगळं एकमेकांशी जुळवलेलं असतं. त्यातलं एक आपण बदललं की बाकीच्यांना कोणी कळवत नाही.

तुझं टायरच घे. बाजूच्या भिंतीवर आकडे असतात, ते वाच. मूळ टायर 235/70 आर 16 होतं, म्हणजे उंची साधारण 735 मिलिमीटर. आता बसवलंस ते 265/75 आर 16, उंची साधारण 804. जवळजवळ सात सेंटीमीटरचा फरक. चाक एका फेरीत सुमारे नऊ टक्के जास्त अंतर कापतं, पण स्पीडोमीटरला ते कोण सांगणार? तो जुन्या चाकाच्या हिशेबाने 80 दाखवतो, तेव्हा तू 87 ने पळत असतोस. ब्रेक तेवढेच, चाक मोठं, म्हणजे थांबायला जोरही जास्त हवा. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाले, तेव्हा प्रवेशद्वाराशीच गाड्यांची टायरं तपासायची वेळ आली, हे तुझ्या डोळ्यांदेखतच घडलं. टायरमध्ये मी उगीच नाक खुपसत नाही.

आता नोटिशीतली यादी समोर ठेव आणि एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आख.

पहिला रकाना: काढून टाकायचं. पुढचा बुलबार. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना बुलबारवर कारवाई करायला कळवलं होतं, आणि कारणही खरं आहे. धडक बसली तर चेपायला बनवलेला भाग चेपत नाही, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित चुकू शकतं आणि पायी चालणाऱ्याला थेट लोखंड बसतं. मग टपावरची एलईडीची पट्टी. कन्नड घाटात समोरच्याला ती किती लागते ते एकदा उलट बाजूने येऊन बघ. ते सायलेन्सर. पाच सुरांचा हॉर्न. काचांवरची काळी फिल्म. तिच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टाने 27 एप्रिल 2012 ला दिलेला निकाल तुझ्या शाळेतल्या दिवसांतला आहे. आणि "दादा" वाचता यावं म्हणून आकडे वाकवलेली ती नंबर प्लेट. तिच्या जागी हाय सिक्युरिटी प्लेट (एचएसआरपी), सरळ आकड्यांची.

दुसरा रकाना: मूळ मापावर आणायचं. टायर, रिम, वर उचललेलं सस्पेन्शन. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ज्या मापांना परवानगी आहे, तेवढंच.

तिसरा रकाना: कागदावर आणायचं. हिरवी जीप तू मॅट काळी केलीस. आरसीवर अजून हिरवी आहे. रंगाचा बदल नोंदवून घेता येतो, अर्ज कर. बदल म्हटला की कायदा आडवाच येतो असं नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट रीतसर नोंदवून लावता येतं, अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करून घेता येतो. फरक इतकाच की त्यांचा कागद होतो.

काही गोष्टी तुझ्या बाजूच्याही असतील. पुढचे फॉग लॅम्प कंपनीने दिलेले आहेत ना? मग ते काढू नकोस. मॅन्युअलचं पान झेरॉक्स करून जोड. सगळ्यावर मान डोलवायची गरज नाही, पण भांडायचं असेल तर कागदाने भांड.

काम ज्याच्याकडे केलंस त्या गॅरेजवाल्याकडे पुन्हा जाऊ नकोस. तो तुला "तपासणीपुरतं काढू, नंतर लावून देतो" म्हणेल, आणि तू मानशील. साध्या सर्व्हिस सेंटरला जा आणि पक्कं बिल घे. बिलावर भागाचं नाव आणि नंबर असू दे. काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, नंबर प्लेट दिसेल असे, काढून ठेव. तोवर गाडी चालवू नकोस. नोंदणी निलंबित झालीच तर तपासणीलाही टोइंगने ने.

मग उत्तर लिही. वकिली भाषा नको. मी नमुना देतो:

"मा. नोंदणी प्राधिकारी यांस. आपली नोटीस क्रमांक अमुक, दिनांक तमुक, मला अमुक तारखेला मिळाली. त्यातील दोष क्रमांक 1 ते 6 दूर केले आहेत. बिले व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. दोष क्रमांक 7 मधील दिवे मूळ उत्पादकाचे आहेत, मॅन्युअलचे पान सोबत. रंगबदलाच्या नोंदीसाठी वेगळा अर्ज केला आहे. वाहनाची फेरतपासणी करावी, ही विनंती."

दोन प्रती ने. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घे. पोच नसेल तर कागद दिलाच नाही असं समज. मराठवाड्यात हे वेगळं सांगायला नको. फेरतपासणीला मोटार वाहन निरीक्षकासमोर आरसी, विमा, पीयूसी आणि बिलं एका फाइलमध्ये असू देत. दारात उभा असलेला "करून देतो साहेब" म्हणणारा भेटेलच. त्याला पैसे दिलेस तर तो कागदावर ओके लिहून आणेल आणि जीप तशीच राहील. माझा तो ट्रकवाला लॉट आठव.

एवढं करूनही आदेश विरुद्ध गेला आणि तुला तो चुकीचा वाटला, तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं, कलम 57. आदेश हातात पडला त्या दिवसाची तारीख पाकिटावरच लिहून ठेव.

विम्याचंही बघ. विमा कंपनीला हे बदल कधी सांगितलेच नव्हतेस. उद्या कुठे धडक झाली असती तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न तोच निघाला असता, आणि तेव्हा तुझी बाजू पडती असती. गाडी मूळ स्थितीत आली की पॉलिसी काढून तिच्यावरचा तपशील गाडीशी ताडून घे.

आता ओळखीच्या माणसाबद्दल. तो माझ्याच बॅचचा, माझ्यासारखाच गेज धरून मोठा झालेला. मी शब्द टाकला तर तो कदाचित ऐकेल. म्हणूनच टाकणार नाही. एकदा सोडलेल्या केसभराचं ओझं मी अजून बाळगतोय, त्याच्या डोक्यावर तुझी सात सेंटीमीटर कशाला?

पुढच्या रविवारी जीप टो करून माझ्याकडे घेऊन ये. बुलबारचे बोल्ट आपण दोघं मिळून काढू. गंजले असतील, रात्रीच डिझेल मारून ठेव. मामी थालीपीठ करणार आहे. आणि ते सायलेन्सर बदलशील तेव्हा जुनं गॅरेजमध्ये सोडून येऊ नकोस, मिस्त्री ते दुसऱ्याला विकेल. माझ्याकडे घेऊन ये. आपण कटरने त्याचे दोन तुकडे करू आणि मग भंगारवाल्याला देऊ. नाहीतर सहा महिन्यांनी ते कुणा दुसऱ्याच्या भाच्याच्या गाडीखाली घाटीसमोरून जाईल.

ताईला सांग, नोटीस वाचली, काळजी नको. आणि जेव.

तुझा,
मामा