कोतवाल बुकातला सुतार

यवतमाळ जिल्ह्यात जुने कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची नोंदवही, मागायला तहसिलीत जाणारा माणूस बहुधा जातीच्या दाखल्यासाठी गेलेला असतो. इतर मागासवर्गीयाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. पणजोबाची ओळ सापडली, जातीचा रकाना वाचला, नक्कल मिळाली की काम संपते. 2023 मध्ये निवृत्त न्या. संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठा समाजातील कुणबी नोंदींसाठी राज्यभर हीच दप्तरे पुन्हा उघडली गेली. या शोधात गैर काहीच नाही. हक्क कागदाशिवाय मिळत नसेल तर माणूस कागद शोधणारच. प्रश्न उरलेल्या ओळीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बहुतेक कारागिरांचे तेवढेच चरित्र शिल्लक आहे आणि ते कोणी वाचत नाही.

हे चरित्र फारच तोकडे असते. जन्माच्या नोंदीत तारीख, बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढेच; बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच. मृत्यूच्या नोंदीत नाव, जात, अंदाजाने लिहिलेले वय आणि कारण. मधले आयुष्य कोरे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ 1916 साली निघाला. त्यात जातींच्या चालीरीती भरपूर आहेत, पण तिथे माणूस भेटतो तो जातीचा नमुना म्हणून.

मधला कोरा भाग जिल्ह्याच्या इतिहासातून थोडाफार भरता येतो. 1905 साली जुन्या वणी जिल्ह्याचा यवतमाळ जिल्हा झाला, तेव्हा इथल्या काळ्या जमिनीतला कापूस दूरच्या गिरण्यांपर्यंत पोचू लागला होता. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी त्याच व्यापारासाठी आली. गावचा सुतार वखर, डवरा, तिफण भरायचा, बंडीची चाके बसवायचा आणि सुगीत खळ्यावरून ज्वारीचा वाटा उचलायचा. कापसाने त्याला काम दिले, कारण जिनापर्यंत आणि स्टेशनापर्यंत माल बंडीनेच जायचा. पण पैशाचे पीक आले, तसा पैशाने विकत घेण्याचा मालही आला. किर्लोस्करांच्या नांगर कारखान्याची किर्लोस्करवाडी 1910 मध्ये उभी राहिली आणि महाराष्ट्रात लोखंडी नांगर पसरू लागला. कारखान्यातून आलेल्या अवजाराला खळ्यावरचा वाटा द्यावा लागत नव्हता.

मरणाची गोष्ट याहून बोलकी आहे. 1918 च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात आणि सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि धान्य महागले. गावपातळीवरच्या दप्तरांत यातले बहुतेक मृत्यू ‘ताप’ या नेहमीच्याच कारणाखाली गेले. म्हणून एकट्या सुताराची ओळ वाचली तर एक माणूस तापाने गेला इतकेच कळते. त्याच गावाची त्या वर्षाची ऑक्टोबर-नोव्हेंबरची पाने सलग वाचली तर साथ दिसते: एकाच घरातले मृत्यू, कामाच्या वयातली माणसे, आणि पुढच्या वर्षांत त्या घरात जन्म नोंदला गेला की नाही, हेही. गावाचा एकुलता सुतार गेला असेल, तर पुढच्या पेरणीला तिफण कोणी भरली, हा प्रश्नही तिथूनच सुचतो.

अर्थात हे वाचन जपून करावे लागेल. रकान्यात जात असते, धंदा नसतो. सुतार जातीचा प्रत्येक माणूस वाकस धरत होता असे नाही. कित्येक जण शेतमजुरीवर जगले असतील, काही जिनात लागले असतील. जात वाचून धंदा गृहीत धरला, तर नोंद करणाऱ्याची नजरच आपण इतिहास म्हणून पुढे चालवू. बायकांच्या कामाचा तर या दप्तरात मागमूस नाही.

1930 मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, त्याची तारीख इतिहासाला ठाऊक आहे. त्याच जंगलाच्या लाकडावर पोट असलेल्या सुताराच्या मरणाचीही तारीख सरकारदप्तरी आहे. फक्त ती कोणी मागितलेली नाही. जातीसाठी ज्या पानांचे स्कॅनिंग होते, त्यांचीच सूची तारीख, वय आणि कारण यांप्रमाणेही व्हावी. यवतमाळ, वणी, पुसदच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी मोडी जाणकारांना सोबत घेऊन एकेका गावापासून सुरुवात करावी. आणि दाखल्यासाठी तहसिलीत जाणाऱ्याने नक्कल घेताना पणजोबा कोणत्या महिन्यात, कितव्या वर्षी आणि कशाने गेला, तेही वाचून घ्यावे.