विल्यमसन पडला तेव्हा

३१ मार्च २०२३ ची रात्र. आयपीएलच्या मोसमाची पहिली मॅच, अहमदाबादला, गुजरात विरुद्ध चेन्नई. मालवणात मित्राच्या घरी आम्ही आठ जण टीव्हीसमोर बसलो होतो आणि प्रत्येकाच्या मांडीवर फोन होता. ऋतुराज गायकवाडने चेंडू उंच उडवला. सीमारेषेवर केन विल्यमसनने उडी मारली, चेंडू हवेतच आत ढकलला आणि खाली येताना त्याचा उजवा गुडघा असा वळला की कॅमेऱ्यानेही तो प्रसंग दोनदाच दाखवला असेल. तो उठलाच नाही.

विल्यमसन ‘माझा’ होता. आठवडाभरापूर्वीच्या आमच्या लिलावात मी त्याला सात रुपयांना घेतलं होतं, अर्थात खोट्या रुपयांना. ऋतुराज ज्याच्याकडे होता तो उभा राहून ओरडत होता, ‘सिक्स की फोर? सिक्स की फोर?’ कारण दोन रनांचा फरक म्हणजे त्याच्या कॅप्टनचे पॉइंट. आणि मी म्हणालो, ‘आता बदली कोण घेवचो?’

मित्राची आजी दारात उभी होती. क्रिकेटशी तिचा संबंध मालिका चुकते एवढाच. ती म्हणाली, ‘मेल्यांनो, तेका लागला काय ता बघा आधी.’

आम्ही हसलो. दोन रन वाचले होते, चौकारच दिला होता. ऋतुराजने त्या दिवशी ९२ केले. विल्यमसनच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता आणि त्याचा मोसम पहिल्याच रात्री संपला. हे नंतर कळलं, तोपर्यंत मी बदली घेऊनही झाली होती.

हे वाचून कोणी म्हणेल, बघा, ऑनलाइन जुगाराने पोरांचं काय झालं. म्हणून आधीच सांगतो, आमच्या लीगमध्ये पैसा नव्हता. हरणाऱ्याने सगळ्यांना सुरमई थाळी द्यायची, बस. पैशाच्या फँटसी क्रिकेटवर आपल्याकडे बराच वाद झाला. हे कौशल्य की नशीब? २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम११ च्या बाजूने कौशल्य असा कौल दिला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. त्या कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. वाडीतली दोन पोरं त्या नादात कर्जात गेलेली मी पाहिली आहेत. पण माझा प्रश्न पैसा काढून टाकल्यावरही उरतो.

आमची लीग जुन्या पद्धतीची होती. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या माणसाने न्यूयॉर्कमध्ये मित्रांना घेऊन बेसबॉलसाठी असाच खेळ सुरू केला. ज्या हॉटेलात ते जमायचे त्याच्या नावावरून त्याला ‘रोटिसेरी लीग’ म्हणू लागले. खऱ्या खेळाडूंचा खोटा लिलाव, एक खेळाडू एकाच मालकाकडे, आणि मोसमभर त्यांच्या खऱ्या आकड्यांवर आपले गुण. पुढे जगभर पसरलेल्या फँटसी खेळाचं मूळ तिथे आहे. (ओक्रेंटला स्वतःची ती लीग कधी जिंकता आली नाही म्हणतात. मला याचा फार आधार वाटतो.) एका दिवसाची टीम लावणं वेगळं. इथे दोन महिने तोच संघ सांभाळायचा असतो. कोणाला बसवायचं, कोणाचा फॉर्म गेला, कोणाची अदलाबदल करायची, हे सगळं बघता बघता ते अकरा-पंधरा लोक तुमचे होतात.

तुमचे म्हणजे कसे, इथेच माझं अडतं.

दुसऱ्या दिवशी बंदरावर चहा पिताना यावर आमचं भांडण झालं. एक मित्र म्हणाला, तू त्याला पाडलं नाहीस. मनात पहिला विचार काय येतो यावर कोणाचा ताबा असतो? शिवाय गुजरातने तरी काय केलं? त्या वर्षी इम्पॅक्ट प्लेअरचा नियम नवा होता, त्यांनी त्याच रात्री विल्यमसनच्या जागी साई सुदर्शनला उतरवलं. खऱ्या मालकाने बदली घेतलेली चालते, खोट्याने घेतली की पाप?

मुद्दा बरोबर आहे. माणसाला फक्त साधन म्हणून वापरू नये असं कांट सांगतो, पण त्यातल्या ‘फक्त’ला वजन आहे. आपण सगळेच एकमेकांना वापरतो. गुजरातने विल्यमसनला दोन कोटींना घेतलं ते धावांसाठीच. पण तो पडल्यावर त्यांचा फिजिओ मैदानात धावला. त्याला दोघांनी खांद्याचा आधार देऊन बाहेर नेलं. खऱ्या मालकीला असं एक ओझं चिकटलेलं असतं, इच्छा असो वा नसो. माझ्या मालकीला काहीच चिकटलेलं नव्हतं.

आमच्याकडे रापण ओढतात. किनाऱ्यावरून होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या माणसांनी ओढत आणायचे. तासन्‌तास चालतं. मग मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. लहानपणी उगाच दोराला हात लावला तरी आमच्या पिशवीत चार मासे पडायचे. त्या चार माशांसाठी तळहात सोलून निघायचे. फँटसीत वाटा पूर्ण मिळतो आणि दोर दुसऱ्याच्या हातात असतो.

पण एवढंच म्हणणं खोटं होईल. या खेळाने मला बघायला शिकवलं. लीग नसती तर मी धोनी-कोहलीपलीकडे पाहिलं नसतं. कोण खेळाडू चार मॅच बाकावर बसून पाचव्यात दोन ओव्हर टाकतो, कोण डाव्या हाताच्या फिरकीसमोर अडकतो, कोण आईच्या आजारपणासाठी घरी गेला, हे मला तोंडपाठ असायचं. एखाद्या माणसाकडे इतकं लक्ष देणं ही आपुलकीची पहिली पायरी नाही का? मलाही तसंच वाटायचं. दलालही मासळीकडे फार लक्ष देऊन बघतो, हे नंतर सुचलं.

आणि पहिल्या विचाराचं म्हणाल, तर तो आभाळातून पडत नाही. पाच वर्षं रोज मी स्वतःला हेच शिकवत होतो, की माणूस पडला की आधी यादी उघडायची.

याची किंमत पुढच्या वर्षी कळली. मे महिन्यात आमच्याकडे रात्रीच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात. त्यांचेही आता लिलाव होतात, पॉइंटवर. फँटसीत माझं डोकं चालतं म्हणून वाडीच्या संघाने मला मॅनेजर केलं. मी माझ्या चुलतभावाला, दादाला, घेतला. डावखुरा, वेगवान, आणि होडीवर खलाशी. सेमीफायनलला पहिली ओव्हर टाकताना त्याचा पाय मुरगळला. तो लंगडत कडेला आला. मी विचारलं, ‘दुसरी टाकशीत?’ त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘टाकतंय मी. काय होवचा नाय.’

माझ्याकडे दुसरा बॉलर होता. पण दादाला मी बत्तीस पॉइंटला घेतलं होतं.

त्याने ओव्हर टाकली, आम्ही जिंकलो. रात्री मी मासळीच्या पेटीतला बर्फ आणून त्याच्या घोट्यावर धरला. घोटा नारळाएवढा झाला होता. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याआधीचे तीन आठवडे तो होडीवर जाऊ शकला नाही. होडीवर पगार नसतो, वाटा असतो. बाकीच्या खलाशांनी आपापल्यातून काढून त्याला अर्धा वाटा दिला. फायनलच्या बक्षिसातून आम्ही त्याला जेवढं सगळ्यांना तेवढंच दिलं. हिशेब मीच केला होता आणि तेव्हा तो मला चोख वाटला.

मधल्या काळात, १३ ऑक्टोबर २०२३ ला, चेन्नईत वर्ल्ड कपच्या मॅचमध्ये विल्यमसन परतला होता. बांगलादेशविरुद्ध ७८ केले आणि थ्रो अंगठ्याला लागून पुन्हा बाहेर गेला. आमची लीग आयपीएलपुरतीच, म्हणजे तेव्हा तो माझा नव्हता. त्याच्या हाताकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. म्हणजे मला ते जमत होतं. दादाच्या वेळी का जमलं नाही?

२०२५ च्या लिलावाच्या आदल्या दिवशी दादा घरी आला. पडवीत बसला, चहा प्यायला. जाता जाता म्हणाला, ‘ह्या वर्षी माका घेव नको हां.’ रागाने नाही. जाळं उद्या सुकत घालूया म्हणावं तसं.

मी हात वर केला नाही. दुसऱ्या वाडीने त्याला अठरा पॉइंटला घेतलं आणि पहिलीच मॅच आमच्याशी पडली. तो रनअपच्या टोकाला उभा राहिला, चेंडू पँटला घासला आणि धावत आला. मी त्याच्या घोट्याकडे बघत होतो की आमच्या बॅटरच्या स्टंपकडे, हे मला आजही नीट सांगता येत नाही.