घराने ऐकलेला धडा

बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासदही. त्या काळी तिथे मुलींसाठी शाळा नव्हती. बापूजींनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. ही लेक म्हणजे ताराबाई शिंदे. १८८२ साली बायकांच्या बाजूने निर्भीडपणे लिहिलेला त्यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध छापून आला.

आज बुलढाण्याच्या तेराही तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, दुपारचा आहार मिळतो. तरीही चिखली-मेहकरपासून संग्रामपूरपर्यंत अनेक घरांत एकच समजूत ऐकू येते: आम्ही शिकलेलो नाही, आम्ही पोराला काय शिकवणार? या समजुतीमागे एक चूक दडलेली आहे. बापूजींना शिकवावं लागलं, कारण मुलींसाठी शाळाच नव्हती. आजच्या पालकाचं काम वेगळं आहे. पहिली-दुसरीतल्या मुलाला घरी दुसरा मास्तर लागत नाही. त्याला ऐकणारं, विचारणारं आणि रोज शाळेत धाडणारं माणूस लागतं, आणि त्यासाठी दहावी पास असण्याची गरज नाही.

मुलांना किती वाचता येतं हे तपासणारं ‘असर’ हे ग्रामीण सर्वेक्षण २००५पासून चालू आहे. त्यातले कार्यकर्ते शाळेत नव्हे, मुलाच्या घरी जातात आणि त्याच्यासमोर एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. ग्रामीण भारतात पाचवीतल्या किती मुलांना ती गोष्ट वाचता आली? २०१८ साली ५०.५ टक्के, २०२२ साली ४२.८ टक्के, २०२४ साली ४८.८ टक्के. मधली घसरण कोरोनाकाळाची. महाराष्ट्राच्या खेड्यांत पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२०मध्ये बंद झाले, ते १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. पण २०१८चा आकडाही सांगतो, की पाचवीतली निम्मी मुलं तेव्हाच मागे होती आणि त्यांतल्या बऱ्याच घरांना त्याचा पत्ता नव्हता. मूल शाळेत जातं, वही भरते, वरच्या वर्गात जातं. घर निश्चिंत राहतं.

हा पत्ता लागायला साक्षर असावं लागत नाही. मुलाने पुस्तक काढून धडा मोठ्याने वाचावा आणि आईने भाकरी थापता थापता ऐकावा. अक्षर ओळखता येत नसलं, तरी मूल प्रत्येक शब्दाशी अडखळतंय की सलग वाचतंय, हे कानाला कळतं. मग पुस्तक मिटायला सांगून विचारावं, “काय झालं त्या गोष्टीत?” मुलाने सांगितलेली गोष्ट आईला समजली, तर मुलाला ती समजली आहे. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचता यावेत, असं ध्येय ठेवलं आहे. त्यातला ‘अर्थासह’ हा भाग तपासायला या एका प्रश्नाइतकं चांगलं साधन नाही.

गणिताचंही तसंच. कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी काट्यावर कापसाचं वजन होतं. समजा दर किलोला दहा रुपये, आईचा कापूस तेवीस किलो आणि पन्नास रुपये आधीच उचललेले. हातात किती येतील, हे तिसरीतल्या पोरीला करू द्यावं. गुणाकार आणि वजाबाकी दोन्ही त्यात आले, आणि उत्तर चुकलं तर ते घरात सगळ्यांना कळतं.

अशा मदतीचा उपयोग किती, हे तपासून पाहिलेलं आहे. बिहार आणि राजस्थानातल्या एका मोठ्या अभ्यासात काही गावांत आयांना साक्षरतेचे वर्ग दिले, काही गावांत मुलांसोबत घरी करायचे उपक्रम दिले, काही ठिकाणी दोन्ही. परिणाम सगळ्यात जास्त दिसला तो दोन्ही दिलेल्या गावांत. मुलांच्या शिकण्यात पडलेला फरक लहानच होता, आणि हे लपवण्याचं कारण नाही. घर म्हणजे शाळेला पर्याय नव्हे. कोरोनाकाळात बोट्सवानात सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर दुसरा प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा कार्यकर्ते साध्या फोनवर पालक आणि मूल दोघांशी बोलत आणि एक गणित सोडवून घेत. काही कुटुंबांना फोनवर फक्त लेखी संदेश गेले; त्यांनी फारसं काही झालं नाही, संभाषणाने मात्र मुलं पुढे गेली. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर गृहपाठाचे फोटो टाकून थांबणाऱ्या शाळांनी हे लक्षात घ्यायला हवं.

जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, प्रश्न आणखी खोल जातो. तिथे कोरकू बोलणारी घरं आहेत आणि निहालीही. निहालीचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी सिद्ध झालेलं नाही. ती बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास उरले आहेत. अशा घरातलं मूल शाळेच्या पहिल्या दिवशी मराठी ऐकतं तेव्हा गप्प बसतं, आणि गप्प मूल मंद ठरतं. आई-आजीने घरची भाषा सोडून मोडक्या मराठीत बोलू लागणं हा त्यावर उपाय नाही. गोष्ट रचणं, कारण सांगणं, प्रश्न विचारणं हे मूल आधी घरच्या भाषेत शिकतं आणि मग त्या बळावर दुसरी भाषा उचलतं. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरांनाही हेच लागू आहे.

महाराष्ट्रात २०२२पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी मातांचे गट झाले. चांगलं काम आहे. पण दिवसभर वेचणी करून चूल पेटवणाऱ्या बाईवरच ही जबाबदारीही का? ताराबाईंना शिकवणारा बाप होता. पारावर बसलेल्या बापालाही धडा ऐकता येतो.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीच्या सुमारास उघडतात आणि दिवाळीच्या सुमारास वेचणीला जोर येतो. थोरली पोर धाकट्याला सांभाळायला घरी राहते. वाचन नुकतं बसू लागलेलं असतं, नेमका तेव्हाच खंड पडतो. इथे नुसता उपदेश पुरत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान पंचाहत्तर टक्के सभासद पालक ठेवले आहेत आणि निम्म्या स्त्रिया. पाळणाघराची किंवा दिवसभराच्या अंगणवाडीची मागणी ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचं बळ या समितीत आहे. मात्र तिची मासिक बैठक सकाळी अकराला भरली, तर शेतात गेलेली आई येणार कशी? दिवाळीच्या आगेमागे ही बैठक दिवेलागणीनंतर घ्यावी, आणि सह्यांचं रजिस्टर फिरवण्याआधी प्रत्येक पालकाने शिक्षकांना एकच विचारावं: माझं मूल आज काय वाचू शकतं, आणि पुढच्या बैठकीपर्यंत त्याने काय वाचायला हवं?